एसी लावला की काटा का पडतो?

नमस्कार. तुमची तक्रार मला जशी समजली तशी आधी मांडतो, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर लगेच कळेल. २०१४ची १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, ७८ हजार किलोमीटर. वारज्याहून निघालात की चालत्या गाडीत काहीच त्रास नाही. नळ स्टॉपला सिग्नलला थांबलात आणि एसी चालू असला की आरपीएमचा काटा साडेसातशेवरून पाचशेच्या खाली येतो, स्टेअरिंग थरथरतं आणि दुपारी एखादवेळेस गाडी बंदच पडते. एसी बंद केला की दोन सेकंदांत सगळं शांत. सकाळी नऊच्या आत निघालात तर असं होत नाही. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने एसीचा गॅस टॉप-अप केला, तिसरा म्हणतो तो गॅस दाबणारा कॉम्प्रेसर गेलाय, अठरा हजार लागतील. आणि तुमचा प्रश्न आहे, कॉम्प्रेसर बदलू का?

नका बदलू. निदान अजून तरी नको.

मी सत्तावीस वर्षं गाड्यांखाली आडवा होतोय, त्यातली शेवटची एकोणीस धायरीत स्वतःच्या शेडमध्ये. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ही तक्रार सुरू होते आणि पहिला वळीव पडला की कमी होते. यातल्या बहुतेक गाड्या एसीवाल्याकडे जाऊन आलेल्या असतात, कारण एसी लावल्यावर त्रास होतो म्हणजे दोष एसीचाच, असं कुणालाही वाटणारच. पण मार्केट यार्डातला हमाल आठवा. रोज पन्नास किलोचं पोतं लीलया उचलणारा माणूस एक दिवस डगमगला, तर दोनच शक्यता असतात. पोतं भिजून जड झालंय, किंवा हमालाला ताप आहे. तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय झालंय, हे अजून कुणी बघितलेलंच नाही.

आता एसीचं हे ओझं किती, तर ढोबळमानाने गाडी उभी असताना कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती खातो. रस्त्यावर ऐंशी घोड्यांच्या इंजिनाला ते जाणवतही नाही. पण स्लोवर, म्हणजे साडेसातशे आरपीएमला, इंजिन फक्त स्वतःला फिरतं ठेवण्यापुरती हवा घेत असतं. तिथे दोन-तीन घोडे म्हणजे बराच भार झाला. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी सोय केलेली असते. तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा कॉम्प्रेसर लगेच जोडला जात नाही. बटणाचा निरोप आधी ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे जातो. तो गॅसचं प्रेशर बघतो, कूलिंग कॉइलचं तापमान बघतो, मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, थोडा जास्त उघडून इंजिनाला जादा हवा देतो, आणि त्यानंतर रिलेला (विजेच्या स्विचला) सांगतो की कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच ओढ. बॉनेट उघडं ठेवून ऐकलंत तर ‘टक्’ असा आवाज येतो, तो हाच.

हे नीट चाललं तर काटा क्षणभर पन्नास-शंभरने पडतो आणि लगेच जागेवर येतो. बऱ्याच गाड्यांत तर आधीपेक्षा थोडा वर, आठशे-नऊशेच्या आसपास स्थिरावतो. किती वर, ते गाडीगणिक वेगळं. काही नव्या गाड्यांत क्लच असलेला कॉम्प्रेसर नसतोच, तिथे टक् ऐकू येणार नाही. तुमच्या वयाच्या गाडीत बहुधा येईल.

तर पहिलं काम फुकटचं आहे. दुपारी गाडी गरम असताना पार्किंगमध्ये उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक. ब्लोअर मध्यम ठेवा. नजर काट्यावर, कान बॉनेटकडे, आणि एसीचं बटण दाबा. टक् झाल्यावरचे पहिले दोन सेकंद बघा, आणि मग पुढची पाच मिनिटंही बघा.

काटा टक्बरोबर धाडकन पडला आणि मग धडपडत वर आला, तर हमालाला ताप आहे. इंजिनाला जादा हवा वेळेवर मिळत नाही. काटा आधी नीट सावरला, दोन-तीन मिनिटं बरा राहिला आणि मग हळूहळू खाली घसरत गेला, तर पोतं जड होत चाललंय, म्हणजे एसीच्या गॅसचं प्रेशर चढतंय. आणि काटा हललाच नाही, साडेसातशे-आठशेला ठाम आहे, फक्त स्टेअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतंय, तर हा रोगच वेगळा. तिथे इंजिनाचं फाउंडेशन बघायचं. रबर बसलेलं असतं, एसीच्या भाराने इंजिन जरा जास्त हलतं आणि ती थरथर थेट बॉडीत येते. तुमचा काटा पडतोय, तेव्हा हे तिसरं तूर्त बाजूला ठेवू.

दुसरी परीक्षाही फुकटची. एसी बंद ठेवा. हेडलाइट फुल, मागच्या काचेचा डिफॉगर चालू, ब्लोअर चारवर, आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवा. हा सगळा भार इंजिनावरच येतो, काही अल्टरनेटरमार्फत, काही पॉवर स्टेअरिंगमार्फत. एवढ्यानेही काटा कोसळत असेल तर एसीकडे बघूच नका, इंजिनाला कुठलाच भार पेलवत नाहीये. यात काटा ठाम राहिला आणि फक्त एसीने पडला, तर संशय एसीच्या बाजूला सरकतो.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी ओझरत्या आल्यात, त्या मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या. सकाळी त्रास नाही, दुपारी आहे. आणि गॅस टॉप-अप केल्यावर ‘थोडं जास्तच झालं की काय असं वाटतं’. गाडी माझ्यासमोर नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही, पण या दोन खुणा पोतं जड झाल्याच्या आहेत.

कारण असं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो गरम होतो, आणि रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर फेकतो. चालत्या गाडीत समोरून वारा मिळतो, त्यामुळे पंख्याचं कुणाला कौतुक नसतं. नळ स्टॉपला उभे राहिलात की सगळी भिस्त त्या पंख्यावर. पंखा कमजोर असेल, कंडेन्सरच्या जाळीत कचरा बसला असेल किंवा गॅस जास्त झाला असेल, तर उष्णता बाहेर जात नाही, प्रेशर वाढत जातं, आणि कॉम्प्रेसरला त्याच गॅससाठी जास्त जोर लावावा लागतो. हा जोर येतो इंजिनाकडून. आर-१३४ए गॅसच्या गाडीत स्लोवर मोठ्या बाजूचं, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसचं, प्रेशर साधारण दीडशे ते अडीचशे पीएसआय असतं. एप्रिलच्या दुपारी गेज लावल्यावर ते साडेतीनशेकडे चढताना मी कितीतरी वेळा बघितलंय, आणि त्याबरोबर इंजिनाचा आवाज जड होत जातो. फारच चढलं तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, थोडं उतरलं की परत जोडतो. तेव्हा काटा झोपाळ्यासारखा वरखाली करतो आणि आत कधी गार, कधी कोमट हवा येते.

यासाठी माझी एक गावठी परीक्षा आहे. झाडांवर औषध मारायचा हातपंप घ्या, साधं पाणी भरा, आणि एसी चालू असताना समोरच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर बारीक फवारा मारा. हात ग्रिलच्या आत घालू नका, पंखा कधीही सुरू होतो. पाण्याने कंडेन्सर गार झाला आणि अर्ध्या मिनिटात काटा वर सरकून इंजिन हलकं झालं, तर तुमचे अठरा हजार वाचले. दोष उष्णता बाहेर फेकण्यात आहे.

मग पंखा बघा. एसी लावल्यावर तो सुरू होतो का? काही गाड्यांत लगेच होतो, काहींत प्रेशर चढल्यावर. पण फिरतोय एवढ्याने समाधान मानू नका. मोटरच्या आतले कार्बनचे ब्रश झिजले की पंखा फिरतो पण दम नसतो. काही गाड्यांत कमी वेगाचा रेझिस्टर जळतो, मग पंखा फक्त इंजिन खूप तापल्यावर जोरात फिरतो आणि एसीच्या वेळी गप्प असतो. पेपरचा एक चौकोनी तुकडा ग्रिलसमोर धरा. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटायला हवा. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली, हीच तक्रार, तीन ठिकाणी फिरून आलेली. पंखा मस्त जोरात फिरत होता. कागद धरला तर तो चिकटायच्या ऐवजी माझ्या अंगावर उडाला. मोटर बदलताना कुणीतरी दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा रेडिएटरची गरम हवा पुढे कंडेन्सरवर फेकत होता! चालत्या गाडीत वारा आणि पंखा एकमेकांशी भांडायचे, उभ्या गाडीत पंखाच जिंकायचा. वायरी बदलल्या, पाच मिनिटांचं काम. गाडीवाले काका पैसे किती विचारत होते आणि मला सांगायलाच सुचेना.

कंडेन्सर धुताना एक सांगतो. सर्व्हिसिंगवाल्या पोरांना जोराच्या पाण्याचा पंप समोरून मारायची फार हौस असते. त्याने जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. नळाच्या साध्या पाइपने, आतून बाहेर जाईल असं, सावकाश धुवा.

आता गॅसबद्दल. टॉप-अप हा शब्दच मला आवडत नाही. सिस्टिममध्ये किती शिल्लक आहे हे ठाऊक नसताना वरून भरायचं म्हणजे अंदाजपंचे काम, आणि नुसत्या गेजवर विसंबून गॅस जास्त भरला जाणं अगदी सोपं. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. छोट्या गाड्यांत साधारण साडेतीनशे ते पाचशे. एवढ्याशा मापात सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्त म्हणजे भाजीत दुप्पट मीठ. योग्य रीत अशी की आहे तो सगळा गॅस मशिनने काढून घ्यायचा, वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम ओढायचा आणि स्टिकरवरचं वजन काट्यावर मोजून भरायचं. व्हॅक्यूम न ओढता भरलं तर आत हवा राहते, आणि हवा काही कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, तिने प्रेशर चढलेलंच राहतं. गॅस भरणाऱ्याकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, एवढं विचारून मगच गाडी आत घाला.

हे सगळं ठीक निघालं, किंवा दुसऱ्या परीक्षेत दिव्यांनीही काटा पडला, तर हमालाचा ताप बघायचा. इथे पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर. ७८ हजारांत ती कधी साफ झाली असेल असं तुमच्या लिहिण्यावरून दिसत नाही. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काळा, चिकट कार्बन बसतो. रस्त्यावर पाकळी बरीच उघडी असते, तेव्हा फरक पडत नाही. स्लोवर मात्र हवा त्या कडेच्या फटीतूनच जाते, आणि नेमकी तीच बुजलेली असते. ईसीएम हळूहळू पाकळी जास्त उघडायला शिकतो आणि काम चालवून नेतो, पण एसीचा भार अचानक आला की त्याचा हिशेब कमी पडतो. जुन्या पद्धतीच्या गाडीत हेच काम वेगळा आयडल व्हॉल्व्ह करतो, तोही कार्बनने अडकतो. सफाई साधी आहे, थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड. खरवडायचं नाही, आणि मोटरवर चालणारी पाकळी बोटाने ढकलून उघडायची नाही, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. सफाईनंतर स्लो एकदम हजार-बाराशेला चढला तर घाबरू नका. फट मोकळी झालीय, पण ईसीएमच्या डोक्यात जुनाच हिशेब आहे. स्कॅनरने तो नव्याने शिकवावा लागतो. बरेच जण ही पायरी गाळतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं.

हवेची गळती हा त्याच घरचा दुसरा आजार. सिंहगड रोडच्या एका सोसायटीतली गाडी आठवते. पावसाळ्यात आठ दिवस उभी होती, त्यानंतर एसी लावला की बंद पडायची. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत शेंगदाण्याची टरफलं आणि सोफ्याचा कापूस. उंदराने बस्तान बसवलं होतं, आणि जाता जाता पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा रबरी पाइप खालच्या बाजूने कुरतडला होता. वरून बघितलं तर पाइप धडधाकट, हात फिरवल्यावर बोट आत गेलं. त्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर होता, न मोजलेली हवा आत शिरून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ व्हायचं. तुमच्या गाडीत त्याऐवजी आतल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर गळतीने स्लो उलट चढतो किंवा वरखाली होतो, म्हणून तुमच्या बाबतीत हा संशय मी खालच्या नंबरावर ठेवतो. तरी पाइपांच्या खालून एकदा हात फिरवा, गाडी बंद आणि थंड असताना.

प्लग तुमचे नवीन आहेत, पण प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल बघितली का? भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल बिनभाराची चालते आणि एसी लावला की मिसिंग करते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकवते. स्कॅनरवर मिसफायरचे आकडे दिसतात. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट येतात का तेही बघून घ्या. अल्टरनेटर मंद असेल तर पंखाही मंद फिरतो, म्हणजे परत प्रेशर. गाडीला सीएनजी किट असेल तर वरच्या सगळ्या परीक्षा एकदा पेट्रोलवर करा. फक्त सीएनजीवरच त्रास असेल तर किटवाल्याकडे जा, माझं बाकीचं उत्तर विसरा. आणि हल्ली प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फुटतं, पण जे दुखणं फक्त उभ्या गाडीत, फक्त एसीवर आणि फक्त दुपारी येतं, ते पेट्रोलचं असेल असं मला वाटत नाही.

राहता राहिला कॉम्प्रेसर. तो खरंच आवळत असेल तर खुणा वेगळ्या असतात. बेल्ट किंचाळतो, रबर जळाल्याचा वास येतो, आणि सकाळच्या गारव्यातही त्रास होतो. गाडी बंद करून किल्ली काढा आणि कॉम्प्रेसरच्या पुलीच्या तोंडाशी असलेली क्लचची प्लेट हाताने फिरवा. पुली न फिरता ती प्लेट एकटी, किंचित अडत पण सलग फिरायला हवी. खरखरली किंवा मध्येच अडकली तर कॉम्प्रेसरची शंका रास्त. सहज फिरली तर अठरा हजारवाल्याला विचारा, कशावरून गेलाय म्हणता?

एक गोष्ट करू देऊ नका. कुणीतरी म्हणेल, स्लोचा स्क्रू थोडा पिळून देतो. कार्बोरेटरच्या जमान्यात आम्हीच हे करायचो आणि तेव्हा ते बरोबरही होतं. आजच्या गाडीत थ्रॉटलचा तो स्क्रू कंपनीने बसवून सील केलेला असतो. तो फिरवला की ईसीएमला पाकळी पूर्ण मिटली आहे की नाही हेच कळत नाही, आणि साधा आजार गुंतागुंतीचा होतो.

माझ्याकडे ही गाडी आली असती तर मी या क्रमाने गेलो असतो: पाण्याचा फवारा आणि कागद, मग गॅस काढून वजनावर भरणं, मग थ्रॉटल बॉडी आणि शिकवणी. पहिल्याला पैसे नाहीत आणि उरलेली दोन्ही कामं मिळूनही कॉम्प्रेसरच्या आसपास जात नाहीत. प्रत्येक कामानंतर नळ स्टॉपला दुपारी एक फेरी मारा. तिन्ही कामं एकदम केलीत तर गाडी बरी होईल, पण कशाने ते कळणार नाही.

तोवर गर्दीत आणि घाटात एसी बंद ठेवा, हे मात्र मनावर घ्या. कात्रज किंवा खंबाटकी उतरताना गाडी बंद पडली तर स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबण्यापुरताच उरतो. मग पेडल दगडासारखं लागतं. तसं झालंच तर पाय उचलून परत परत दाबू नका, एकदाच जोरात दाबून धरा, गाडी कडेला घ्या आणि हँडब्रेक ओढा. आणि पाण्याच्या फवाऱ्याने काटा किती वर आला, तेवढं इथे कळवा.